ॲपच्या बाजारातील नवे खोत

१ मार्च २०२४, शुक्रवारचा दिवस. गूगल कंपनीने आपल्या प्ले स्टोअरवरून भारतातील दहा कंपन्यांची ॲप्स काढून टाकायला सुरुवात केली. कारण एकच. या कंपन्यांनी गूगलचे शुल्क भरले नव्हते. त्यात भारत मॅट्रिमोनी होते, शादी डॉट कॉम होते, नोकरी डॉट कॉम होते, ९९ एकर्स होते. ज्यांचा धंदा कोट्यवधींचा, ज्यांच्या जाहिराती टीव्हीवर झळकतात, अशा या बड्या कंपन्या. पण त्यांच्याही पायाखालची वाळू त्या दिवशी सरकली. लगोलग केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की हे चालू दिले जाणार नाही. बैठका झाल्या, आणि आठवडा उलटण्याच्या आत ॲप्स परत जागेवर आली. जातवार स्थळे लावून देणाऱ्या ॲप्ससाठी सरकार इतक्या तातडीने धावले, याची नोंद वाचकांनी जाता जाता घेऊन ठेवावी.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्यासाठी मंत्र्याची बैठक बसत नाही त्याचे काय? एकटा माणूस, जुना लॅपटॉप, स्वतःच्या डोक्यातली कल्पना आणि रात्रीचा वेळ, एवढ्या भांडवलावर ॲप बनवणारा तरुण गावागावांत तयार होतो आहे. आपल्या वस्त्यांतही होतो आहे. संगणकाचे शिक्षण घ्या, तिथे जात विचारली जात नाही, तिथे फक्त हुन्नर लागतो, असे आपणच त्याला गेली पंचवीस वर्षे सांगत आलो. तो शिकला. त्याने वस्तू बनवली. आता ती वस्तू लोकांपर्यंत नेण्याचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

पाली घ्या. रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे हे ठिकाण. बाहेरच्या माणसाला पाली म्हटले की अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर आठवतो, आणि देवळामागचा सरसगड. पण याच तालुक्यात सह्याद्रीच्या अंगाला ठाणाळे आणि खडसांबळे येथे बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. ठाणाळ्याला तर विहार, चैत्य आणि स्तूप मिळून तेवीस लेणी आहेत. नाडसूरच्या बाजूने रान तुडवत चढावे लागते. कार्ल्याला, अजिंठ्याला जाणारी आपली माणसे इथे फारशी येत नाहीत, कारण वाट ठाऊक नाही आणि सांगणारे कोणी नाही.

आता समजा, पालीजवळच्या एखाद्या वस्तीतील तरुणाने ठरवले की या लेण्यांची वाट दाखवणारे, माहिती मराठीत वाचून दाखवणारे ॲप बनवायचे. डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून ते इंटरनेटशिवाय चालले पाहिजे. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकलेल्या मुलाला हे काम जड नाही. हा तरुण आम्ही कल्पिलेला आहे, हे आधीच सांगतो. परंतु त्याच्यापुढे येणारा एकेक नियम खरा आहे.

पहिला अडसर पैशांचा. प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी खाते उघडावे लागते, त्याचे शुल्क पंचवीस डॉलर, एकदाच. दोन हजार रुपयांच्या वर जाते. रक्कम फार नाही असे शहरातला माणूस म्हणेल. पण ती भरायची कशी? कंपनी जी कार्डे स्वीकारते त्यांच्या यादीत व्हिसा आणि मास्टरकार्ड आहे, रुपे नाही. आणि जनधन खात्यावर सरकारने गोरगरिबांना दिले ते रुपे कार्ड! म्हणजे एका हाताने सरकार सांगते की डिजिटल व्हा, आणि दुसऱ्या हाताने जे कार्ड देते ते या दारात चालत नाही. व्हिसाचे कार्ड असले तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो, तो खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सारा देश यूपीआयवर आला, आणि आमच्या मुलाला पंचवीस डॉलर भरण्यासाठी मुंबईच्या मामाचे कार्ड मागावे लागते. ॲपलच्या दुकानाविषयी तर बोलायलाच नको. तिथे वर्षाला नव्व्याण्णव डॉलर, म्हणजे आठ हजारांवर रुपये, आणि ॲप तयार करायला त्याच कंपनीचा महागडा संगणक. ते दार आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाऊ.

दुसरा अडसर माणसांचा. नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने वैयक्तिक खाते उघडले त्याने ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी वीस माणसांकडून सलग चौदा दिवस त्याची चाचणी करून घ्यावी, असा नियम गूगलने आणला. ओरड झाली तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये वीसचे बारा केले. बारा माणसे गोळा करणे पुण्या-मुंबईच्या कंपनीत काम करणाऱ्याला सोपे आहे, शेजारच्या खुर्चीवरच्यांना सांगितले की झाले. सुधागडमधील वाडीवरच्या मुलाला मात्र अँड्रॉइडचा बरा फोन असलेली, स्वतःचे गूगल खाते स्वतः चालवणारी आणि चौदा दिवस ॲप काढून न टाकणारी बारा माणसे शोधावी लागतात. आई-वडिलांचा फोन एकच, तोही भावाकडे. हंगाम सुरू झाला की माणसे वीटभट्टीवर. हा नियम कंपन्यांच्या खात्यांना नाही, फक्त एकट्यादुकट्याला आहे. गंमत अशी की पैसे घेऊन अशी बारा-वीस माणसे पुरवण्याचा धंदाही लगेच सुरू झाला. गरिबावर अट लादली की त्या अटीवर दलाल जगतात, हे दाखल्यांपासून रेशनकार्डापर्यंत आपण पाहतच आलो आहोत.

तिसऱ्या अडसराची चर्चा इंग्रजी वर्तमानपत्रांत आम्हाला कुठे दिसली नाही, पण आपल्या वाचकाला तो चटकन कळेल. खाते उघडणाऱ्याने आपले कायदेशीर नाव आणि पत्ता कागदपत्रांनिशी सिद्ध करायचा असतो. ते नाव ॲपच्या पानावर सर्वांना दिसते. ॲपमधून चार पैसे मिळवायचे ठरवले तर पूर्ण पत्ताही दिसतो. कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काही नाही, विकणाऱ्याचे नाव-गाव ग्राहकाला कळले पाहिजे. पण ज्याचा आधारकार्डावरचा पत्ता ‘बौद्धवाडी’ असा आहे त्याचे काय? महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातीवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे द्यायची, असा तो निर्णय होता. कागदोपत्री किती वस्त्यांची नावे बदलली ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे. लेण्यांचे ॲप बनवणाऱ्याला आपल्या वस्तीचे नाव सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही, उलट अभिमानच असेल. परंतु हिशेब ठेवण्याचे किंवा शिकवणीचे ॲप विकू पाहणाऱ्याच्या डोक्यावर जगभराच्या गिऱ्हाइकांसमोर वस्तीची पाटी लटकवली जाते, तेव्हा संगणक जात विचारत नाही हे आपले जुने वाक्य पुन्हा तपासावे लागते. संगणक विचारत नाही, पण त्याचा फॉर्म सांगून टाकतो.

धरून चालू की मामाचे कार्ड मिळाले, बारा माणसे मिळाली, नावाची पाटीही लागली आणि ॲप स्टोअरवर आले. इथे खरी डोकेदुखी सुरू होते, आणि ती आहे फोनची.

अँड्रॉइडची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. २०१८ पासून गूगलचा दंडक असा की स्टोअरवर येणारे ॲप अलीकडच्या आवृत्तीसाठी बांधलेले असले पाहिजे, आणि ही मर्यादा दरवर्षी वर सरकते. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर नवे ॲप अँड्रॉइड १५ साठी बांधलेले हवे, आणि आधीचे ॲप निदान १४ साठी सुधारलेले हवे, नाहीतर नव्या फोनवरच्या नव्या गिऱ्हाइकाला ते स्टोअरवर दिसेनासे होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून फोनच्या स्मृतीच्या मांडणीबद्दलचा आणखी एक तांत्रिक नियम लागू झाला. म्हणजे एकदा ॲप बनवले आणि हात झाडले असे होत नाही. ठाणाळ्याची लेणी दोन हजार वर्षांत जागची हललेली नाहीत, त्यांच्या माहितीत काही बदल नाही, तरीही ॲप दरवर्षी उकलून पुन्हा शिवायचे. मोठ्या कंपनीत या कामाला पगारी माणसे असतात. इथे एकटा मुलगा, त्याला आता कुठेतरी नोकरी लागलेली, रोहे-नागोठण्याच्या कारखान्यात पाळी असते. दोन ऑगस्ट चुकले की त्याचे ॲप संपले. कोणी बंदी घातली नाही, कोणी चूक दाखवली नाही, नुसती तारीख उलटली.

आणि ज्यांच्यासाठी ॲप बनवले त्यांच्या हातात कोणता फोन आहे? पाच-सात वर्षांपूर्वीचा, काच तडकलेला, जागा भरलेली म्हणून फोटो काढला की जुना फोटो पुसावा लागणारा. तयार सुटे भाग जोडून आजची ॲप्स बांधली जातात, आणि ते सुटे भाग पुरवणारे हळूहळू जुन्या फोनांना सोडून देत असतात. व्हॉट्सॲपनेही जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वाल्या फोनांना रामराम केला. नवे नियम पाळावेत तर जुना फोन सुटतो, जुना फोन धरावा तर काम दुप्पट होते. उलट बाजूनेही दार लावलेले आहे. अँड्रॉइड १४ पासूनचा फोन फार जुन्या पद्धतीने बांधलेले ॲप बसवूनच घेत नाही, मग ते कितीही निरुपद्रवी असो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारे ॲप परस्पर बंद करतात. औषधाच्या वेळेची आठवण देणारे ॲप एका फोनवर वाजते, दुसऱ्यावर वाजत नाही. शिव्या मात्र ॲप बनवणारा खातो, एक तारा देऊन लोक लिहितात, ‘बोगस ॲप’.

त्यात आपली भाषा. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी मराठी वर्तमानपत्रे पुढे कित्येक वर्षे असल्या फॉन्टांत निघत की एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला तर किडे-मुंग्या दिसत. ते दिवस गेले. पण जुन्या आणि हलक्या फोनांवर अजून मराठीची परवड होते. बहुतेक फोन मराठीला हिंदीची पोटभाषा समजतात. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहाव्यात तर काही फोनांवर त्या ‘दर्या’ होतात. डोंगराचा समुद्र! आपला ल आणि आपला श हिंदीपेक्षा वेगळा लिहिला जातो, तो मिळवण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. ती तजवीज कोणत्या फोनवर चालेल हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहायचे तर वीस प्रकारचे फोन हवेत. ते कोणी आणून द्यायचे?

फोन जुळत नाही हे कारण किरकोळ वाटत असेल तर २०२१ सालचा महाराष्ट्र आठवा. केंद्र सरकारने त्या वर्षी मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ नावाचे ॲप आणले आणि अंगणवाडी सेविकांनी सारी नोंद त्यात करावी असा हुकूम काढला. ॲप इंग्रजीत. सेविकांना सरकारने २०१९ मध्ये दिलेले फोन दोन जीबी रॅमचे, त्यांची हमीची मुदतही संपलेली. ॲप अडकायचे, फोन तापायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून. नोंद झाली नाही की जाब सेविकेला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. सरकारच्या हातात फोनही होता आणि ॲपही होते, दोन्हींची सांगड घालणे मात्र जमले नाही. पुढे रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा ॲपवर फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती जानेवारी २०२३ पासून आली तेव्हाही हेच झाले. फोटो चढला नाही, मजुरी बुडाली. अंगणवाडी सेविका संघटित होत्या म्हणून फोन परत करू शकल्या. ज्या एकट्या मुलाचे ॲप फोनवर चालत नाही, त्याने काय परत करायचे आणि कोणाकडे?

वाचकहो, आमच्या शीर्षकातील खोत हा शब्द आम्ही रागाच्या भरात लिहिलेला नाही. या जिल्ह्याला तो शब्द शिकवावा लागत नाही. खोत मुळात सरकारचा वसुलदार. जमीन त्याने नांगरली नाही, धान्य त्याने पिकवले नाही. तो सरकार आणि कूळ यांच्या मधे उभा राहिला आणि मधे उभे राहण्याचे मोल वसूल करता करता मालक होऊन बसला. खंड किती, कधी, कोणत्या मापाने, सारे त्याच्या मर्जीवर. त्याविरुद्ध तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी संप पुकारला, तो सहा-सात वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. (पाली तेव्हा भोर संस्थानात होती, पण खोताचा जाच काही हद्द पाहून थांबत नसे.)

फोन आपण आपल्या पैशाने घेतो. ॲप त्या मुलाने आपल्या श्रमाने केलेले असते. मधला रस्ता तिसऱ्याचा. त्या रस्त्यावरून ॲपमधले काही विकले तर गूगल आणि ॲपल वाटा घेतात. बरीच वर्षे तो सरसकट तीस टक्के होता. जगभर बोभाटा झाल्यावर २०२१ मध्ये छोट्यांसाठी पंधरा टक्के झाला. खोताने उपाशी मारले तसे ॲपवाला कोणाला मारत नाही, तुलना तेवढी ताणू नये. पण अर्थकारणाची घडण तीच आहे. न पिकवणारा माप ठरवतो, आणि मापाविरुद्धची तक्रारही त्याच्याच ओटीवर करायची. जगभरचे छोटे ॲपवाले सांगतात की नकाराचे पत्र ठरीव साच्यात येते, कोणते कलम मोडले एवढेच असते, नेमके कुठे मोडले ते नसते. प्रत्यक्ष माणूस फोनवर भेटत नाही.

आता कोणी म्हणेल, देशात कायदा आहे, स्पर्धा आयोग आहे. आहे ना. आणि त्याने काम केलेही आहे, ते लपवण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये उमर जावेद, सुकर्मा थापर आणि आकिब जावेद या कायद्याच्या तिघा तरुण अभ्यासकांनी गूगलविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली. तिघे तरुण, समोर जगातली एक बलाढ्य कंपनी. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पाच दिवसांनी प्ले स्टोअरवरील वसुलीच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. वर्तमानपत्रांनी दंडाचे आकडे ठळक छापले.

परंतु आमच्या दृष्टीने दंडापेक्षा महत्त्वाचे होते ते आयोगाचे आदेश. त्यांत दोन गोष्टी अशा होत्या की दुसऱ्या कोणाचे ॲपचे दुकान प्ले स्टोअरवर ठेवू द्यावे, आणि स्टोअरबाहेरून, थेट बनवणाऱ्याकडून ॲप घेणाऱ्याच्या वाटेत गूगलने अडथळे आणू नयेत. पालीच्या मुलाचा फायदा होता तो इथे. मार्च २०२३ मध्ये अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड पूर्ण कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले, आणि रद्द झालेल्या चारांत नेमके हे दोन होते! दंड सरकारी तिजोरीत जाणार, दार मात्र पूर्वीसारखेच. दुसऱ्या प्रकरणातील दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. डिजिटल स्पर्धेसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्राने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा कायदा २०२५ संपेपर्यंत झाला नव्हता. या सगळ्या लढाईत एका बाजूला गूगल आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या मोठ्या डिजिटल कंपन्या. वाट्याची टक्केवारी किती यावर त्यांचे भांडण. रुपे कार्ड, बारा माणसे, जुना फोन, हे मुद्दे कोणाच्याच याचिकेत दिसत नाहीत, कारण ते मुद्दे मांडणारा त्या न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचलेलाच नाही.

मग आपले स्वतःचे दुकान का काढू नये? काढून पाहिले आहे, आणि तेही महाराष्ट्रातच. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या साथीदाराने भारतीय भाषांसाठी म्हणून अँड्रॉइडवर बेतलेली एक प्रणाली तयार केली. आधी तिचे नाव फर्स्टटच, नंतर इंडस. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांच्या स्वस्त फोनांत आली. तिच्याबरोबर ‘ॲप बझार’ नावाचे दुकान होते, तिथे ॲपची माहिती आपल्या भाषेत वाचता येई, ॲप घ्यायला ईमेलची गरज नसे. ज्याच्याकडे ईमेल नाही तोही गिऱ्हाईक आहे, इतकी साधी गोष्ट अमेरिकेतल्या कंपन्यांना सुचली नव्हती. पुढे चिनी फोनांची लाट आली, देशी कंपन्यांचा बाजार बसला आणि त्यांच्याबरोबर ही प्रणालीही मागे पडली. दुकान तेवढे टिकले. ते फोनपेने घेतले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस ॲपस्टोअर’ म्हणून नव्याने उघडले, बारा भारतीय भाषांत, मराठीसह. फोनपेची मोठी मालकी वॉलमार्टकडे, हेही सांगून ठेवतो, म्हणजे स्वदेशीच्या भ्रमात कोणी राहू नये. तरी छोट्याला दुसरे दार मिळाले हे चांगलेच झाले. अडचण एवढीच की हे दुकान प्ले स्टोअरवर मिळत नाही. फोनमध्ये आधीपासून बसवलेले नसेल तर ते बाहेरून उतरवून घ्यावे लागते, आणि तसे करताना फोन आपल्याला इशारा देतो की हे धोक्याचे असू शकते. आपल्या आयाबहिणी तो इशारा वाचून बोट मागे घेतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

कारण धोका खोटा नाही. कर्ज देणाऱ्या बनावट ॲप्सनी करोनाच्या काळात आणि नंतर किती घरे उद्ध्वस्त केली, फोनमधले फोटो आणि नंबर चोरून किती जणांना बदनामीची धमकी दिली, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात मेले ते गरीबच. २०२१ ते २०२३ या काळात गूगलने अशी हजारो ॲप्स भारतात काढून टाकली. म्हणून दारावर पहारेकरी नकोच असे आम्ही म्हणत नाही. पण ती हजारो ॲप्स काढली गेली ती कुठून? प्ले स्टोअरवरूनच! पहारा असताना ती आत शिरली होती. पैशांच्या जोरावर बनावट कंपनी काढणाऱ्याला कागदपत्रे पुरी करता येतात, अडकतो तो प्रामाणिक एकटा.

आणि आता मागची वाटही अरुंद होते आहे. आजवर स्टोअर नसले तरी ॲपची फाईल व्हॉट्सॲपवरून पाठवून, नाहीतर आपल्या संकेतस्थळावर ठेवून लोकांना देता येत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की यापुढे स्टोअरबाहेरचे ॲपसुद्धा, बनवणाऱ्याने गूगलकडे ओळख सिद्ध करून नोंदणी केली असेल तरच प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे, आणि २०२७ पासून पुढे जगभर, असे त्या घोषणेत होते. टीका झाली तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळ्या मर्यादित खात्याची आणि जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळ्या वाटेची कबुली कंपनीने दिली. ओरडल्याने वीसचे बारा झाले, ओरडल्याने ही कबुली मिळाली. पण ओरडले कोण? युरोप-अमेरिकेतले ॲपवाले. भारताची पाळी येईल तेव्हा नियम ठरून गेलेले असतील.

चळवळीतील संघटनांनी यात काय करायचे, असे विचाराल तर आम्हाला मोर्च्याआधी काही साधी कामे दिसतात. शुल्क रुपे आणि यूपीआयने भरता आले पाहिजे ही मागणी केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाकडे लेखी जावी. यात कंपनीचे नुकसान एका पैशाचे नाही. सक्तीचे प्रत्येक सरकारी ॲप दोन जीबीच्या फोनवर आणि मराठीत चालल्याचे दाखवल्याशिवाय लागू करू नये, ही मागणी राज्य सरकारकडे जावी. अंगणवाडी सेविकांचा अनुभव पुराव्याला आहे. केंद्राने सी-डॅककडून ‘मोबाईल सेवा ॲपस्टोअर’ उभारले होते, २०२१ मध्ये संसदेत त्याची माहितीही दिली गेली. ते आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले? स्पर्धा आयोगाकडे तक्रार न्यायला तिघे तरुण पुरे पडले, आणि आपल्याकडे कायदा शिकलेल्यांची वाण नाही. आणि बारा माणसांची अट? तालुक्यातील प्रत्येक बुद्धविहारात, वाचनालयात, वसतिगृहात बारा फोन सहज निघतील. ज्याचे ॲप आहे त्याने येऊन सांगावे आणि चौदा दिवस पोरांनी ते वापरावे. याला कोणाची परवानगी लागत नाही.

१९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नव्हती. म्हणून ‘मूकनायक’ निघायचे थांबले नाही, पण दुसऱ्याच्या छापखान्यावर किती विसंबायचे हे तेव्हा कळले. पालीच्या त्या मुलाला आमचा सल्लाही तेवढ्यापुरताच आहे. ॲप एका दुकानात ठेवू नकोस, दोन ठिकाणी ठेव. ज्या किल्लीने ॲपवर सही करतोस तिच्या प्रती एकाहून अधिक जागी असू देत, ती हरवली तर तुझेच ॲप सुधारणे तुला अवघड होऊ शकते. लेण्यांची वाट आणि माहिती साध्या वेबपानावरही ठेव, कोणत्याही फोनवर उघडेल आणि एकदा उतरवून घेतले की रेंज नसतानाही वाचता येईल. त्याला शुल्क नाही, बारा माणसे नाहीत, ऑगस्टची तारीख नाही. नाडसूरहून लेण्यांकडे निघणाऱ्याने गावात असतानाच ते पान उघडून ठेवावे.